केशव मंदिराच्या दारातला दगड : जमीन कुणाची, घाम कुणाचा, नाव कुणाचं?

“बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं विष्णूच्या मंदिरात कशाला जातात?”

सोमनाथपूरच्या केशव मंदिराचे फोटो आम्ही कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकले आणि पाच मिनिटांत हा प्रश्न आला. विचारणारा आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाला सगळ्यात पुढे आणि वाचनात थोडा घाईचा. त्याच्या मागोमाग दुसऱ्याचा मेसेज : “दादा, हे आधी आपलंच विहार असणार. पुरावे शोधा.”

हे दोन्ही प्रश्न आज आपल्या चळवळीतल्या असंख्य तरुणांच्या मनात आहेत. पहिला सांगतो, तिकडे पाहूच नका. दुसरा सांगतो, जे जे दिसेल ते आपलंच म्हणा. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते ग्रुपवर चार ओळींत सांगता येणार नव्हतं, म्हणून हा लेख.

वंदन वेगळं, वाचन वेगळं

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. ती आम्हाला शिरोधार्य आहे. सोमनाथपूरला आम्ही हात जोडले नाहीत, नारळ फोडला नाही, टिळा लावला नाही. पण ही प्रतिज्ञा उपासनेविषयी आहे, अभ्यासाविषयी नाही. बाबासाहेबांनी वेद, स्मृती, पुराणं, रामायण, महाभारत यांतलं काय वाचायचं सोडलं? त्यांनी हे सगळं इतकं वाचलं की ज्यांच्या घरात या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या पूजेला होत्या, त्यांना उत्तर देता येईना. न वाचता नाकारणं सोपं असतं, पण ते फार काळ टिकत नाही.

पोथी जशी वाचायची असते तसं मंदिरही वाचायचं असतं. त्यातला देव आपला नसेल. पण ज्या जमिनीच्या उत्पन्नावर तो देव जगला ती जमीन कसणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न आपलाच आहे.

भाताच्या शेतातलं मंदिर

सोमनाथपूर हे कर्नाटकातल्या म्हैसूर जिल्ह्यात, टी. नरसीपूर तालुक्यातलं लहानसं खेडं. म्हैसूरपासून साधारण पस्तीस-अडतीस किलोमीटर. आम्ही एका बैठकीसाठी म्हैसूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका साथीने गाडी केली आणि बन्नूरवरून आम्हाला तिकडे नेलं. डिसेंबरचा महिना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भाताची खाचरं, मध्येमध्ये ऊस, नारळाची झाडं. भाताची कापणी चालू होती. जागोजागी वाकलेल्या पाठी दिसत होत्या, आणि त्यांत बायकाच जास्त.

अशा शेतांच्या मधोमध हे मंदिर उभं आहे. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या काळात, त्याचा दंडनायक सोमनाथ याने इ.स. १२५८ मध्ये ते बांधून घेतलं. दंडनायक म्हणजे सेनापती. गावाला नावही त्याने स्वतःचंच दिलं. मंदिरात तीन गाभारे आहेत, केशव, जनार्दन आणि वेणुगोपाल यांचे. तिन्ही विष्णूचीच रूपं. भोवती अंगण आणि अंगणाला वेढणाऱ्या ओवरीत ६४ लहान देवकोष्ठं. मंदिर ताऱ्याच्या आकाराच्या उंच जोत्यावर उभं आहे. दगड मऊ, शंखजिऱ्याच्या जातीचा. तो खाणीतून काढल्यावर कोरायला सोपा असतो आणि हवा लागून हळूहळू कठीण होतो. म्हणूनच दागिन्याचा एकेक मणी सुटा दिसेल इतकं बारीक काम त्यावर झालं. भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग, वर घोडेस्वार, वेलबुट्टी, मग रामायण, भागवत आणि महाभारतातल्या कथांचे पट्टे.

सुंदर आहे का? आहे. ते नाकारण्याची गरज आम्हाला वाटत नाही. सौंदर्य मान्य केल्याने कुणी विष्णूभक्त होत नाही. उलट ज्या हातांनी ते घडवलं त्यांचा मान राखला जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बेलूर आणि हळेबीडच्या मंदिरांसोबत युनेस्कोने हे मंदिर जागतिक वारसा यादीत घेतलं. तेव्हापासून गर्दी वाढली, असं साथी म्हणाला. गाइडने आम्हाला चाळीस मिनिटांत हत्ती मोजून दाखवले, नृत्यमुद्रा दाखवल्या, छतावरची केळफुलं दाखवली. मात्र दारातल्या मंडपात उभ्या असलेल्या मोठ्या कोरीव लेखाजवळ तो अर्धा मिनिटही थांबला नाही. “इन्स्क्रिप्शन आहे, जुनं कन्नड,” एवढं सांगून पुढे गेला.

आम्ही तिथेच थांबलो.

दगडावरचा सातबारा

जुनी कन्नड अक्षरं आमच्या साथीलाही सरळ वाचता येत नाहीत. पण म्हैसूर संस्थानातले हजारो लेख लुईस राईस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांत छापायला सुरुवात केली आणि त्यांत सोमनाथपूरचे लेखही आहेत. साथीने त्या आधारे आम्हाला समजावलं. हे गाव म्हणजे अग्रहार होता. सोमनाथाने राजाच्या संमतीने इथे अग्रहार वसवला, जमीन ब्राह्मणांना वाटून दिली आणि मंदिराच्या पूजाअर्चेसाठी उत्पन्न लावून दिलं.

अग्रहार म्हणजे काय, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घेतलं पाहिजे. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव किंवा गावातली वस्ती. त्या गावाचे वाटे पाडायचे. प्रत्येक वाट्याला वृत्ती म्हणत. ज्याच्याकडे जितक्या वृत्ती तितका त्याचा उत्पन्नात हिस्सा. जमीन बहुतेक वेळा करमुक्त, म्हणजे राजाला जे जायचं ते आता वृत्तीवाल्याला जाणार. वृत्तीवाला नांगर धरत नाही. मग नांगर कोण धरतो? चिखलणी कोण करतो? आवण कोण लावतो? पाण्याचे पाट कोण दुरुस्त करतो?

अशा दानलेखांचा साचा भारतभर जवळपास सारखा आहे. आधी देवाची स्तुती. मग राजाची वंशावळ आणि पराक्रम. मग दाता आणि त्याचं घराणं. मग दान घेणारे, त्यांची गोत्रं, त्यांचे वाटे. मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कुठला दगड, दक्षिणेला कुठलं झाड, पश्चिमेला कुठलं तळं. शेवटी शाप. दिलेली जमीन जो परत घेईल तो नरकात जाईल. आपल्याकडे कोकणात आणि देशावर जे गधेगाळ सापडतात ते याच शापाचं उघडंनागडं रूप. दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढेल, असं दगडात चित्र कोरून ठेवलेलं. जमिनीची राखण करायलाही बाईचीच विटंबना! मनुस्मृती ज्यांना फक्त ग्रंथात दिसते त्यांनी गधेगाळ जाऊन पाहावेत.

म्हणजे या साच्यात देव आहे, राजा आहे, सेनापती आहे, ब्राह्मण आहे, झाड आहे, दगड आहे, गाढवसुद्धा आहे. फक्त कसणारा नाही.

आम्ही याला दगडावरचा सातबारा म्हणतो. आजच्या सातबाऱ्यात निदान कुळाचा आणि पिकाचा रकाना तरी असतो.

सीमा कुणाला माहीत होती?

आता एक गोष्ट लक्षात घ्या. दानलेखात सीमा लिहिली आहे, पण सीमा माहीत कुणाला असते? राजाला नसते. वृत्ती घेणाऱ्या बाहेरगावच्या ब्राह्मणाला तर मुळीच नसते.

महाराष्ट्रात गावाच्या शिवेचा वाद उभा राहिला की साक्ष महाराची. शिव कुठून कुठे जाते, जुना दगड कुठे पुरला आहे, हे त्याला माहीत. कर्नाटकातही हेच दिसतं. एकोणिसाव्या शतकात म्हैसूर संस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे की गावचा होलेय जातीचा सेवक, ज्याला कुलवाडी म्हणत, त्याचा शब्द सीमेच्या वादात अखेरचा मानला जाई. कन्नडमध्ये ‘होल’ म्हणजे शेत, आणि होलेय हे नाव त्यावरूनच आलं असं मानणारे अभ्यासक आहेत. ज्याच्या नावातच शेत आहे, त्याच्या नावावर शेत नाही!

एकोणिसाव्या शतकातली नोंद उचलून सरळ १२५८ सालावर चिकटवणं हा इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. पण प्रश्न उभा करण्याचा आपला हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. गावकुसाबाहेरचा माणूस सीमेचा जाणकार आहे आणि सीमेच्या आत त्याला तसूभर जागा नाही. ही रचना एका दिवसात तयार होत नाही. ती तयार करणाऱ्या यंत्रणांमध्ये अग्रहार ही एक मोठी यंत्रणा होती.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास शिकवले गेले. त्यांनी १९४८ मध्ये याच म्हैसूर भागातल्या एका गावाचा अभ्यास केला आणि त्याला ‘रामपुरा’ असं नाव दिलं. वर्चस्वी जात ही त्यांची प्रसिद्ध कल्पना तिथल्या अनुभवातून पक्की झाली. त्याच अभ्यासात ‘जीत’ पद्धतीचं वर्णन आहे. कर्जापोटी किंवा ठरलेल्या मोबदल्यावर गरीब माणूस वर्षानुवर्षं जमीनवाल्याच्या घरी राबायचा. परीक्षेत आम्ही ‘संस्कृतीकरण’ दहा मार्कांना लिहिलं. ‘जीत’वर प्रश्न कधी आला नाही.

सही करणारे शिल्पकार

सोमनाथपूरची एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती आम्हाला आवडली. इथल्या शिल्पकारांनी मूर्तींच्या खाली आपली नावं कोरली आहेत. मल्लितम्म, मसणितम्म, चौडेय अशी नावं. मल्लितम्माचं नाव सर्वांत जास्त मूर्तींखाली येतं, काही ठिकाणी नुसतं ‘मल्लि’. हाच मल्लितम्म नुग्गेहळ्ळीच्या लक्ष्मीनरसिंह मंदिरातही भेटतो. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला कामासाठी जाणारा कारागीर.

साथीने बोट ठेवून दाखवलं तेव्हा आम्ही त्या चार अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिलो. भारतातल्या असंख्य मंदिरांत, लेण्यांत शिल्पकाराचं नाव नाही. इथे आहे. देवाच्या पायाखाली का होईना, श्रमाची नोंद आहे. आपल्या लेण्यांतही हा संस्कार दिसतो. जुन्नर, कार्ले, नाशिकच्या लेण्यांत दानाच्या नोंदी पाहा. राजे आहेत, पण त्यांच्यासोबत सुतार आहे, सोनार आहे, माळी आहे, व्यापारी आहे, भिक्षुणी आहे. दान देणाऱ्या सामान्य माणसाचं आणि बाईचं नाव लिहायला बौद्ध संघाला लाज वाटली नाही. त्या जुन्या परंपरेच्या तुलनेत अग्रहाराचा लेख किती आक्रसलेला आहे, हे दोन्ही वाचल्याशिवाय कळणार नाही.

पण म्हणून भाबडं होऊ नका. मल्लितम्माला छिन्नी धरायला गाभाऱ्यापर्यंत जाता आलं. हा दगड खाणीतून काढणारे, ओढून आणणारे, जोत्याखाली माती भरणारे यांची सही कुठे आहे?

पंढरपूरचा धागा

कुणी म्हणेल, हे सगळं कर्नाटकातलं, आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो थेट आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात सोळखांबी मंडपाच्या तुळईवर १२३७ सालचा शिलालेख आहे. त्यात होयसळ राजा सोमेश्वर याने विठ्ठलाच्या भोगासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, एक गाव दान दिल्याची नोंद आहे. हा सोमेश्वर कोण? सोमनाथपूरचं मंदिर ज्याच्या राज्यात उभं राहिलं त्या तिसऱ्या नरसिंहाचा बाप. बापाने विठ्ठलाला गाव दिलं आणि मुलाच्या काळात सेनापतीने केशवासाठी गाव वसवलं. एकच घराणं, एकच पद्धत.

विठ्ठलाच्या ताटात गावाचं धान्य जाऊ शकत होतं. ते धान्य पिकवणारा मात्र दारात उभा राहू शकत नव्हता. त्याच शतकाच्या उत्तरार्धात चोखोबा होऊन गेले. त्यांचा शेवट कसा झाला? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर राबत असताना भिंत कोसळून. गावाची भिंत बांधताना मेला तो गावाबाहेरचा माणूस. आणि समाधी? मंदिराच्या महाद्वाराबाहेर. मेल्यावरही बाहेरच.

हे दार आपल्यासाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते!

आणि ज्यांना वाटतं की दक्षिणेतल्या वैष्णवांनी आपल्याला जवळ केलं होतं, त्यांच्यासाठी सोमनाथपूरहून फार दूर नसलेलं मेलकोटे आहे. रामानुजाचार्यांनी तिथल्या चेलुवनारायण मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश दिला आणि त्यांना ‘तिरुक्कुलत्तार’ म्हणजे पवित्र कुळाचे असं नाव दिलं, हे फार कौतुकाने सांगितलं जातं. प्रवेश किती? वर्षातून तीन दिवस. उरलेले तीनशे बासष्ट दिवस पवित्र कुळाने काय करायचं? उदारपणाचा कळस तीन दिवसांत संपला. याउलट बाराव्या शतकातच कल्याणच्या शरणांनी चांभार समाजातल्या हरळय्याला आणि ब्राह्मण मधुवरसाला व्याही करून दाखवलं. त्याची किंमत त्यांनी जिवाने मोजली. फरक लक्षात घ्या. पहिल्या ठिकाणी जात टिकवून दार किलकिलं केलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी जातीवरच घाव घातला गेला.

“हे आधी विहार होतं का?”

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे येऊ.

सोमनाथपूरचं मंदिर विहारावर बांधलं, याला आधार नाही. गाव केव्हा वसवलं, कुणी वसवलं, कशासाठी वसवलं, हे लेखांतच आहे. म्हणून आम्ही तसा दावा करणार नाही आणि आपल्यापैकी कुणी करू नये.

याने काही जणांना राग येईल. येऊ दे. पण विचार करा. कर्नाटकातच सन्नती आहे. तिथे १९८६ मध्ये चंद्रलांबा मंदिराच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्ती ज्या दगडावर उभी होती तो दगड उघडा पडला. त्यावर सम्राट अशोकाचा शिलालेख होता! अशोकाचे शब्द शतकानुशतकं देवीच्या पायाखाली चेपलेले. जवळच कनगनहळ्ळीला महास्तूपाचे अवशेष मिळाले आणि त्यात राण्यांसह अशोकाची प्रतिमा मिळाली, तीही नावानिशी. आपल्या जुन्नरजवळ लेण्याद्रीला ज्या सातव्या लेण्यात आज गणपती बसला आहे ते बौद्ध विहार आहे, हे कुठलाही पुरातत्त्वज्ञ सांगेल. बोधगयेचं महाबोधी विहार तर जगाला माहीत आहे. तिथे १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे. जगातल्या बौद्धांचं सर्वोच्च स्थान आजही पूर्णपणे बौद्धांच्या हातात नाही.

ही आपली खरी, पुराव्याची प्रकरणं आहेत. आपण दिसेल त्या मंदिराला विहार म्हणत सुटलो तर सन्नती, लेण्याद्री आणि बोधगया यांचं वजन कमी होतं. समोरचा आपला एक खोटा दावा उचलतो आणि दहा खरे दावे हसण्यावारी नेतो. शिवाय ज्या मशिदीखाली-मंदिराखाली उकरण्याच्या राजकारणाविरुद्ध आपण बोलतो, तेच आपण करायचं? तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं, ते आपल्या सोयीच्या ऐकीव गोष्टींनाही लागू आहे.

याच संदर्भात अवताराची गोष्ट. विष्णूच्या दशावतारात बुद्धाला नववा अवतार म्हणून बसवलं जातं. आपल्यातले काही भोळे लोक म्हणतात, “त्यांनीही बुद्धाला मानलंच की!” पुराण उघडून पाहा. भागवतात बुद्ध कशासाठी जन्माला येतो? देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी. विष्णुपुराणातला मायामोह असुरांना वेदांपासून दूर नेऊन फसवतो. म्हणजे त्यांच्या लेखी बुद्धाची शिकवण ही फसवणूक आहे आणि आपण फसलेले असुर आहोत. हा मान आहे की अपमान? म्हणूनच बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हा खोडसाळ प्रचार आहे, हे बाबासाहेबांना प्रतिज्ञेत वेगळं सांगावं लागलं. पण ती प्रतिज्ञा का दिली हे समजायला भागवत वाचावं लागतं. पुन्हा तोच मुद्दा : वंदन नको, वाचन हवं.

देव नाही, म्हणून दार उघडं

केशवाच्या मुख्य गाभाऱ्यातली मूळ मूर्ती आज नाही. आहे ती नंतर बसवलेली. बाकीच्या दोन मूर्तींचीही मोडतोड झाली आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकातल्या लेखांत मंदिराच्या नुकसानीची आणि दुरुस्तीची नोंद आहे. आज इथे पूजा होत नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक म्हणून तिकीट काढून कुणीही आत जातं.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आम्ही उभे होतो तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, “इथे पूजा चालू असती तर १९४७ च्या आधी आपल्या आजीला इथवर येता आलं असतं का?” कुणी उत्तर दिलं नाही. देव गेला आणि सरकारी तिकीट आलं, तेव्हा दार सगळ्यांना सारखं झालं. हे दार ज्याने उघडलं त्याला आम्ही संविधान म्हणतो.

पण इथेच थांबलो तर बाबासाहेब आपल्याला कळले नाहीत. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडलं नाही. १९३३ मध्ये मंदिरप्रवेशाच्या विधेयकाची चर्चा सुरू झाली तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की आपल्या लोकांच्या उन्नतीचा खरा रस्ता उच्च शिक्षण, चांगल्या नोकऱ्या आणि चांगलं राहणीमान हा आहे. जातिव्यवस्था तशीच ठेवून फक्त देवळाचं दार उघडणार असाल, तर त्या दारासाठी आम्ही भीक मागणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात कशाचं विधेयक मांडलं? खोती नष्ट करण्याचं. देवळाच्या दारापासून सुरू झालेली वाट जमिनीच्या मालकीपर्यंत पोहोचली होती.

आपण मात्र अजून दारातच घुटमळतो. आत जाऊ द्यायचं की नाही, आधी कुणाचं होतं, मूर्ती कुणी फोडली, एवढ्यातच आपलं सगळं भांडण. दारातल्या दगडावर जमिनीचा हिशेब लिहिला आहे आणि त्याकडे ना गाइड पाहतो, ना आपण.

मग जमिनीचं पुढे काय झालं?

म्हैसूर राज्यात १९५५ मध्ये धार्मिक आणि धर्मादाय इनामं रद्द करण्याचा कायदा झाला. १९७४ मध्ये देवराज अर्स यांच्या काळात कुळवहिवाट संपवून कसणाऱ्या कुळांना मालकी देणारी मोठी दुरुस्ती आली. हे मोठं पाऊल होतं, ते मान्य केलंच पाहिजे. पण ‘कुळ’ म्हणून ज्याचं नाव लागलं त्याला जमीन मिळाली. जो कुळही नव्हता, नुसता मजूर होता, जीत म्हणून राबत होता, त्याला कशाच्या आधारावर मिळणार? दलित शेतमजूर बहुतांशी या रांगेच्या बाहेरच राहिला. त्याला सरकारने दिलेली जमीनसुद्धा हातातून जाऊ लागली, म्हणून १९७८ मध्ये अनुसूचित जाती-जमातींना मिळालेल्या जमिनींचं हस्तांतरण रोखणारा वेगळा कायदा करावा लागला.

महाराष्ट्रात काय आहे? १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामं गेली, पण देवस्थान इनामं राहिली. आजही अनेक सातबाऱ्यांवर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा शेरा दिसतो. महारांचं वतन मात्र १९५८ च्या कायद्याने खालसा झालं. ते जायलाच हवं होतं, कारण ते गुलामगिरीचं दावं होतं आणि त्याविरुद्ध बाबासाहेब १९२८ पासून लढत होते. पण देवाची जमीन शाबूत राहिली आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो भूमिहीनांना पडीक जमिनीसाठी तुरुंगात जावं लागलं, हाही इतिहास आहे. देवाला जमीन लागते. माणसाला मागावी लागते.

तीन कामं

परतीच्या वाटेवर आम्ही एका खाचराशी गाडी थांबवली. पन्नाशीची एक बाई बांधावर पाणी पीत बसली होती. साथीने तिला कन्नडमध्ये विचारलं, शेत तुमचं का? ती हसली. म्हणाली, रोजाने येते. मंदिर पाहिलंय का? लहानपणी पाहिलं होतं. आता तिकीट आहे, आणि आत देव नाही, मग कशाला जायचं? पाणी पिऊन ती पुन्हा कापणीला लागली. मंदिराचं शिखर तिच्या मागे दिसत होतं.

१२५८ च्या दगडावर तिच्या पूर्वजांचं नाव नव्हतं. आजच्या उताऱ्यावर तिचं नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, प्रत्येक तालुक्यात आपल्या मुलामुलींनी तीन कामं करावीत. पहिलं, आपल्या भागातल्या जुन्या मंदिराचा शिलालेख कुठे छापला आहे ते शोधा आणि त्यात जमिनीविषयी काय लिहिलं आहे ते वाचा. दुसरं, देवस्थानाच्या नावे असलेल्या जमिनींचे सातबारे काढा. मालक कोण, कसतो कोण, शेरा काय, हे तक्त्यात भरा. सातबारा ऑनलाइन मिळतो, त्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. तिसरं, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की गावची शिव कुणाला माहीत होती, वतनाची जमीन कुठे होती आणि ती आज कुणाच्या ताब्यात आहे. ही माणसं गेली की तो शिलालेख कायमचा पुसला जाईल.

ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या आमच्या धाकट्या भावाला हे सगळं आम्ही फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या गावच्या देवळाच्या नावाने अकरा एकर आहे, असं आजोबा म्हणायचे. उतारा काढून बघतो.”

बस, एवढंच हवं आहे. मंदिरासमोर मान झुकवू नका आणि तिथून तोंड फिरवून पळूही नका. दारातल्या दगडासमोर वही घेऊन बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!